पुस्तकावर नाव कुणाचं?

६ ऑगस्ट १९४६, मंगळवार. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं, पण ब्रिटनमधल्या बाईची रेशनची रांग संपली नव्हती. युद्धातही ज्यावर बंधन नव्हतं तो पाव त्या जुलैत रेशनवर आला होता. या मंगळवारी बायका आणखी एका रांगेत उभ्या राहिल्या, पोस्टाच्या खिडकीपाशी. पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग असा कुटुंबभत्ता त्या दिवसापासून मिळू लागला. रक्कम मोठी नव्हती. पण नवरा देईल तेव्हा आणि देईल तेवढ्यातच घर चालवायची सवय असलेल्या बाईला कायद्यानं तिचे म्हणून पैसे मिळत होते.

हे सहज घडलं नव्हतं. एलिनॉर रॅथबोन यांनी पहिल्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम केलं होतं. सैनिकाच्या बायकोच्या हाती थेट पैसे पडले, की मुलांच्या पोटात अन्न जातं, हे त्यांनी पाहिलं. तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं त्या या भत्त्यासाठी भांडल्या. १९४५ मध्ये विधेयक आलं, तेव्हा त्यात भत्त्याचा हक्क दिला होता वडिलांना! असं असेल तर मी माझ्याच मागणीच्या विरुद्ध मत देईन, असं रॅथबोन यांनी बजावलं. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला. अखेर सरकारनं खासदारांना मोकळेपणानं मत द्यायला सांगितलं आणि ‘वडील’ जाऊन ‘आई’ आली. तो पहिला मंगळवार मात्र रॅथबोन यांना दिसला नाही. २ जानेवारी १९४६ रोजी त्या गेल्या.

याच रॅथबोनबाईंना १९२९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत धन्वंती रामा राव यांनी अडवलं होतं. भारतीय स्त्रियांचे प्रश्न सोडवायला भारतीय स्त्रिया समर्थ आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या देशातल्या बाईला तिच्या नावानं हक्क मिळावा म्हणून झगडणारीसुद्धा दुसऱ्या देशातल्या बाईच्या वतीनं बोलू लागते, हेही आपण विसरू नये.

युद्धानंतरची ती वर्षं मोठ्या आशेची होती. जुलै १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि ॲटली पंतप्रधान झाले. २४ स्त्रिया निवडून आल्या. शिक्षणमंत्रिपदावर एलन विल्किन्सन आल्या. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याआधीचा आरोग्य विमा कामगारापुरता होता, त्याच्या बायकोला तो लागू नव्हता. १९३९ मध्ये १२५० विवाहित कष्टकरी स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पंडुरोग, अंग बाहेर येणं अशी दुखणी वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या बायका त्यात दिसल्या. पैसे लागतात म्हणून त्या डॉक्टरकडे जात नव्हत्या. आता दार उघडलं आणि त्या आल्या. ही गोष्ट लहान नाही. त्या सेवेच्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करायला कॅरिबियन बेटांवरून मुली बोलावल्या गेल्या, हेही याच इतिहासाचं पान आहे.

पण या नव्या व्यवस्थेचा हिशेब कसा मांडला होता? तिचा पाया म्हणजे डिसेंबर १९४२ चा बेव्हरिज अहवाल. बाईचं घरातलं काम बिनमोल आणि बिनपगारी आहे, हे त्यानं मान्य केलं. एवढं मान्य करणारा सरकारी कागद विरळाच. मात्र त्यातून निष्कर्ष असा काढला, की लग्न झालेली बाई नवऱ्याच्या विम्यात सामावलेली आहे. १९४६ च्या कायद्यात वृद्धापकाळी पुरुषाला आठवड्याला २६ शिलिंग आणि त्याच्यावर अवलंबून म्हणून बायकोला १६. नोकरी करणाऱ्या विवाहितेला पूर्ण वर्गणी न भरण्याची मुभा होती. अनेकींनी ती घेतली, कारण आज हातात चार पैसे जास्त उरत होते. म्हातारपणी कळलं, की आपलं असं पेन्शन जवळपास नाहीच. नव्यानं लग्न झालेल्यांसाठी ही मुभा १९७७ मध्ये बंद झाली.

हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण नव्हे. एलिझाबेथ ॲबट आणि कॅथरीन बॉम्पस यांनी १९४३ मध्येच पुस्तिका काढून सांगितलं होतं, की बाई ही स्वतंत्र नागरिक आहे, तिला नवऱ्याचं शेपूट धरू नका. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

समान वेतनाचं काय झालं? मार्च १९४४ मध्ये शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती संसदेत ११७ विरुद्ध ११६ अशी एका मतानं मंजूर झाली. चर्चिल यांनी तो सरकारवरच्या विश्वासाचा प्रश्न केला आणि दोन दिवसांत ती फिरवली. १९४७ मध्ये मजूर सरकारनं तत्त्व मान्य केलं, पण तिजोरीत पैसे नाहीत म्हणून पुढे ढकललं. त्याच वर्षी गिरण्यांना कामगार कमी पडले, तेव्हा मात्र सरकारनं बायकांना कामावर या म्हणून साद घातली. युद्धात उघडलेली सुमारे दीड हजार पाळणाघरं तोवर एकामागून एक बंद होत चालली होती. गरज लागली की बाहेर ये, संपली की घरी जा. समान वेतनाचा कायदा झाला १९७० मध्ये, डॅगनमच्या मोटारकारखान्यातल्या शिलाई कामगार स्त्रियांच्या १९६८ च्या संपानंतर.

‘अवलंबून’ हा शब्द किती चिवट असतो पाहा. अपंग माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी १९७६ मध्ये भत्ता आला. त्यातून विवाहित स्त्रिया वगळल्या, कारण त्या नाहीतरी घरीच असतात! एका विवाहितेनं हे युरोपीय न्यायालयात नेलं, तेव्हा १९८६ मध्ये तो त्यांना मिळाला.

मैत्रिणींनो, कल्याणकारी राज्य नको, असा याचा अर्थ नाही. दवाखान्याचं दार उघडणारं राज्य हवंच. पण बाईला काय मिळालं, एवढंच विचारून भागत नाही. ते कुणाची कोण म्हणून मिळालं, हेही विचारायला हवं. आपल्याकडे २०२४ मध्ये बायकांच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. पैसे तिच्या हाती थेट येण्याचं मोल आपण जाणतो. पण ती योजना तिला बहीण म्हणते आणि पात्रता ठरवताना उत्पन्न कुटुंबाचं मोजते. तिथं आई आणि बायको, इथं बहीण. नागरिक म्हणून तिचं नाव कुठल्या पुस्तकावर आहे?

पुढच्या वेळी सरकारी अर्ज हातात आला, की रक्कम वाचण्याआधी नावाचा रकाना वाचा. तिथं तुम्ही कोण आहात ते पाहा आणि आम्हाला कळवा.