हृदयाचा ब्रेक आणि ढेकणांचे औषध

निवांत बसून मनगटावर तीन बोटे ठेवा आणि मिनिटभर ठोके मोजा. बहुतेकांचे 60 ते 90 भरतील. पण हृदयाला मोकळे सोडले, तर ते शंभराच्या आसपास धावते. म्हणजे रात्रंदिवस कुणीतरी त्याचा ब्रेक धरून असतो.

हे कशावरून? आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. आज असे रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. पण त्यांचे नवे हृदय विश्रांतीतही बहुधा 90 ते 110 च्या वेगाने चालते. कारण आरोपण करताना मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू तुटतो. ब्रेकची तारच तुटली!

ही तार काम कशी करते? 1921 साली ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला. हृदय मंदावले. त्याभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूतून काही द्रव्य पाझरत होते. ते ॲसिटिलकोलीन. या कामाबद्दल लोवींना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुढचे समजायला चाळीतले पाण्याचे पिंप डोळ्यांसमोर आणा. हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या पेशीत विद्युतभार हळूहळू भरत जातो. पिंप काठोकाठ भरले की एक ठोका पडतो, पिंप रिकामे होते आणि पुन्हा भरू लागते. पेशीच्या अंगावर कुलपे असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ॲसिटिलकोलीन ही त्यांची किल्ली. किल्ली लागली की पेशीतले एक निरोप्या प्रथिन सुटे होते आणि पोटॅशियमची दारे उघडते. पोटॅशियम बाहेर जाऊ लागते. जणू पिंपाच्या तळाची तोटीच उघडली! साहजिकच पिंप उशिरा भरते आणि ठोका उशिरा पडतो. काम झाले की एक विकर ती किल्ली मोडून टाकते आणि तोटी बंद होते.

आम्ही हे सारे सांगतो आहोत ते एका धोक्यासाठी. ढेकणांची आणि पिकांवरची अनेक औषधे नेमक्या याच विकराला निकामी करतात. किल्ली मोडत नाही, ब्रेक दाबलेलाच राहतो. नाडी मंदावते, काहींची आधी जलदही होते. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या बारीक होतात, उलट्या-जुलाब होतात. छातीत पाणी साठते, स्नायू लुळे पडतात, श्वास कोंडतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या औषधांत या गटातलीही होती. गावी आपले भाऊबंद फवारणीला जातात, म्हणून त्यांनाही हे कळवा.

रुग्णालयात ॲट्रोपिनची इंजेक्शने देतात. ॲट्रोपिन कुलपात जाऊन बसते, पण दार उघडत नाही. किल्लीला मात्र जागा उरत नाही. ते पुन्हा पुन्हा, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. धोत्र्यात ॲट्रोपिन असते म्हणून कुणी त्याचा रस पाजू नये. ते दुसरे विषच होईल.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे? रोग्याला मोकळ्या हवेत आणा. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून त्याचे भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तूप काही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. 108 ला फोन करा किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या.

आणि बिछाना-पाट झटकून ढेकणांवर फवारणी करायचीच असेल, तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतू नका. दहा बाय दहाच्या खोलीत तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहते, त्याला लेबल वाचता येत नाही.