‘पॉइंट थर्टी एट’ गोळी .३८ इंचाची असते का? नाही!

जुन्या हॉलिवूड सिनेमातल्या डिटेक्टिव्हच्या हातातलं ते आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आठवतंय? त्यात बहुतेकदा .३८ स्पेशल काडतूस असायचं. अमेरिकी पोलिसांनी हे काडतूस विसाव्या शतकात कित्येक दशकं वापरलं. पण त्यातली गोळी मोजली तर भरते .३५७ इंच, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर.

मग ३८ कुठून आलं? आधीच्या काडतुसांत गोळी पितळी कवचाइतकीच जाड असायची, फक्त तिचा मागचा भाग बारीक करून कवचात बसवलेला असे. कवचाची जाडी .३८ इंचाच्या आसपास. पुढे गोळी पूर्ण कवचाच्या आत गेली आणि बारीक झाली. नाव मात्र तेच राहिलं.

फिलिपिन्सची गोष्ट

‘फिलिपिन्समध्ये मोरो योद्धे .३८ लाँग कोल्टच्या गोळ्या खाऊनही थांबेनात, म्हणून .३८ स्पेशल बनवलं,’ असं नेहमी सांगितलं जातं. तारखा बघा. स्मिथ अँड वेसननं हे काडतूस १८९८-९९ मध्ये आणलं. मोरोंशी मोठ्या लढाया सुरू झाल्या १९०२ मध्ये. त्या अनुभवाचा परिणाम झाला तो .४५ कॅलिबरवर. अमेरिकी लष्करानं १९११ मध्ये .४५ चं पिस्तूल स्वीकारलं.

मॅग्नम आणि ३ मिलिमीटर

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम बाजारात आलं. गोळीची जाडी तीच, दारूचा जोर कितीतरी जास्त. (नावात खरा आकडा यायला इतकी वर्षं लागली!) जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये ते चुकून भरलं जाऊ नये म्हणून कवच सुमारे ३ मिलिमीटर लांब केलं. उलटं मात्र चालतं: मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल आरामात उडवता येतं.

सोय छान, पण तीच महागात पडली. ६ एप्रिल १९७० ला कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ झालेल्या गोळीबारात हायवे पेट्रोलचे चार अधिकारी मारले गेले. सराव .३८ नं आणि ड्युटीवर मॅग्नम, अशी तिथे पद्धत होती. मॅग्नमचा झटका, आवाज आणि ज्वाळा सगळंच वेगळं. माझ्या मते दोष काडतुसाचा कमी, सरावाचा जास्त. त्यानंतर सराव आणि ड्युटीसाठी एकच काडतूस वापरायचं ठरलं.

१९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट ठार, पाच जखमी झाले. सहा गोळ्या संपल्यावर चकमकीत रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणं किती कठीण, हे तिथे दिसलं. मग पोलिस दलं झपाट्यानं जास्त गोळ्यांच्या पिस्तुलांकडे वळली. न्यूयॉर्क पोलिसांनी शेवटची रिव्हॉल्व्हर २०१८ मध्ये निवृत्त केली. अमेरिकेत स्वसंरक्षणाच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी .३८ आजही खपतं.

आणि भारतात? कानपूरच्या सरकारी कारखान्यानं महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ आठवत असेल. ते .३२ चं आहे. त्याची गोळी मोजाल तर .३१ इंचाच्या आसपास भरेल.