दोन डब्यांमधला माणूस

रेल्वे म्हटली की सर्वसामान्य प्रवाशाच्या डोळ्यांसमोर धावती गाडी उभी राहते. ती गाडी जुळवून देणारे यार्ड कोणाच्याच स्मरणात नसते. नायगावच्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला शेजारच्याच वसई रोडमध्ये इंजिने कशी काढली-जोडली जातात याची चौकशी करावीशी वाटत नाही. परंतु या दुर्लक्षित कामाशी काही माणसांचे प्राण निगडित आहेत आणि त्याचा एक धागा थेट नायगावपर्यंत येतो.

वाघिणी इकडून तिकडे हलविण्याच्या या कामाला शंटिंग म्हणतात. मुंबईच्या गोदीने त्याचे महत्त्व फार पूर्वी ओळखले होते. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंतचा पोर्ट ट्रस्टचा स्वतंत्र रेल्वेमार्ग १९१५ साली सुरू झाला तो धक्क्यावरील माल थेट वाघिणीत चढावा म्हणूनच. असे काम वाफेच्या इंजिनाला परवडणारे नव्हते. दहा मिनिटे ओढायचे आणि तासभर उभे राहायचे, तरी भट्टी पेटतीच ठेवावी लागे. शिवाय कापसाच्या गासड्यांशेजारी ठिणग्या उडविणारे धूड म्हणजे आगीला आमंत्रणच. लहान डिझेल इंजिनाने या दोन्ही अडचणी दूर केल्या. ते हवे तेव्हा सुरू करता येते, काम नसेल तेव्हा बंद ठेवता येते, आणि मंद गतीतही जड ओझे रेटते. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सहा-सातशे अश्वशक्तीची 'डब्ल्यूडीएस-४' इंजिने तयार होऊ लागली. पुढच्या दशकात वाराणसीच्या कारखान्याने सुमारे दुप्पट शक्तीचे 'डब्ल्यूडीएस-६' दिले. रेल्वेच्या यार्डांप्रमाणेच पोलाद कारखाने आणि वीज केंद्रे यांच्या साइडिंगांवरही ते राबले.

आज या इंजिनांचे दिवस सरत आले आहेत. कंटेनरची वा कोळशाची अख्खी गाडी एकाच ठिकाणी भरून एकाच ठिकाणी रिकामी होते. त्यामुळे वाघिणी निवडून वेगळ्या करण्याचे काम घटले आहे. विद्युतीकरणही सर्वदूर पोहोचले आहे. तरीही जेथे क्रेनने वरून माल चढवायचा तेथे डोक्यावर विजेची तार ठेवता येत नाही. तेथे डिझेल इंजिनाला पर्याय सापडणे अजूनही सोपे नाही. मुख्य म्हणजे, इंजिन कोणतेही असो, जोडणीच्या वेळी दोन डब्यांच्या मध्ये शिरणारा माणूस अद्याप तोच आहे.

त्याला आपण पॉइंट्समन म्हणतो. जुना मराठी शब्द सांधेवाला. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील बरौनी जंक्शनात असाच एक सांधेवाला इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. त्याचे छायाचित्र देशभर पाहिले गेले, चार दिवस हळहळ व्यक्त झाली, आणि दोष कोणाचा यावर वाद रंगला. एका कनिष्ठ कर्मचाऱ्यावर ठपका ठेवला की प्रकरण मिटते, ही आपल्या कारभाराची जुनी खोड आहे. ज्या पद्धतीत एका इशाऱ्याची गफलत प्राणांवर बेतते, ती पद्धतच सदोष नव्हे काय? नव्या डब्यांना आपोआप अडकणारे कपलर आले हे खरे. पण ब्रेकच्या नळ्या जोडायला माणसाला अजूनही मध्ये जावेच लागते.

म्हणूनच पहिला उपाय हा की, टाळता येण्याजोगे शंटिंग टाळावे. येथे नायगावचा संबंध येतो. दिव्याकडून येणारा मार्ग जूचंद्रवरून वसई रोडला दक्षिणेकडून मिळतो. त्यामुळे वांद्र्याहून कोकणात जाणाऱ्या गाडीला वसई रोडला जाऊन तोंड फिरवावे लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या वांद्रे-मडगाव गाडीचीही तीच गत. एका टोकाचे इंजिन सोडायचे, दुसऱ्या टोकाला इंजिन जोडायचे, ब्रेक तपासायचे, आणि तोवर प्रवासी व फलाट दोघेही अडकलेले. नायगाव-जूचंद्र हा मंजूर झालेला सुमारे सहा किलोमीटरचा जोडमार्ग हा खटाटोप संपविणारा आहे. त्याकडे केवळ अर्ध्या तासाची बचत म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रत्येक टळलेली जोडणी म्हणजे एका माणसाचा टळलेला धोका होय. भूसंपादन, मिठागरे आणि खाडीकाठची भरती-ओहोटी यांच्या अडचणी खऱ्या आहेत. ज्यांच्या जमिनी जातील त्यांना रास्त मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र त्या सबबीवर काम रेंगाळता कामा नये.

दुसरा उपाय अधिक साधा आहे. जेथे शंटिंग अटळ आहे तेथे पुरेशी माणसे, चालू स्थितीतील वॉकीटॉकी, रात्री लख्ख उजेड आणि पूर्ण विश्रांतीनंतरचीच पाळी एवढे तरी असावे. गाडी पूर्ण थांबल्याखेरीज कोणीही मध्ये जाऊ नये, हा नियम कागदावर असून भागत नाही. वेळापत्रकाच्या घाईत तो मोडायला लावणाऱ्या वरिष्ठालाही जाब विचारला गेला पाहिजे. वेगवान गाड्यांवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या रेल्वेला हा खर्च जड नाही. ज्या हातांनी गाडी जोडली जाते ते हात सुरक्षित नसतील, तर गाडीच्या वेगाची प्रौढी कोणी आणि कोणत्या तोंडाने मिरवावी?