“एरर आला” म्हणजे नेमकं काय आलं?



गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका वहिनींचा फोन आला. वय त्र्याहत्तर, एकट्याच राहतात, मुलगी पुण्याला. “भाऊजी, मोबाइलवर काहीतरी आलं होतं. मी ओके दाबलं. आता बँकेचं ॲप उघडतच नाही.” मी विचारलं, “काय आलं होतं?” तर म्हणाल्या, “ते कोण वाचतं हो! इंग्रजीत काहीतरी होतं.”

सुदैवाने पैसे शाबूत होते. ॲप अपडेट मागत होतं, एवढंच. पण काही महिन्यांपूर्वी आमच्याच कॉलनीतल्या एका गृहस्थांनी असाच मेसेज न वाचता ओटीपी सांगून टाकला आणि पेन्शनचे पैसे गेले. ते गृहस्थ अडाणी नव्हेत, जन्मभर सरकारी हिशेब तपासलेले. म्हणून आज थोडं मोठं लिहितोय. ग्रुपवर बहुतेक माझ्याच वयाची मंडळी आहेत, सांभाळून घ्याल.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. यंत्र बिघडतं याचं भय बाळगू नका; यंत्र काय सांगतंय ते न वाचण्याचं भय बाळगा. हे मला बँकेने शिकवलं आणि बँक सुटल्यावर एका जुन्या लिनक्सच्या मशीनने घोटवून घेतलं.

मी बी.कॉम. इंदूरचा, नोकरीही बहुतेक माळव्यातच झाली. रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ मध्ये, त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. आमच्या शाखेत यंत्र काचेच्या केबिनमध्ये, एसीत, आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. देवघरच ते! पण त्याआधीची पंधरा वर्षं हाताने बॅलन्सिंग केलेलं होतं. ज्यांनी केलंय त्यांना आठवेल. सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही की रात्रीचे दहा वाजले तरी कुणी उठायचं नाही. फरक एका रुपयाचा असो की लाखाचा.

तेव्हाचे आमचे हेड क्लार्क म्हणायचे, “फरक शत्रू नाही, तो पत्ता सांगतो.” फरकाला नवाने भाग जातो का बघ. गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४० चे ४५० झालेत. फरक सम असेल तर त्याचा अर्धा कर आणि तेवढ्या रकमेचं व्हाउचर शोध, नावेऐवजी जमेला पडलं असेल. फरक १,२४६ असेल तर ६२३ शोधायचे. अंदाजाने खाडाखोड करायची नाही, एका वेळी एकच दुरुस्ती, आणि ती लिहून ठेवायची.

२००१ मध्ये व्हीआरएस घेतली. पन्नाशी नुकतीच उलटलेली, दिवस खायला उठायचा. चिरंजीव इंजिनिअरिंग करून नोकरीसाठी बंगलोरला गेले आणि मागे ठेवून गेले १९९९ साली घेतलेला पीसी. चौसष्ट एमबी रॅम, चार जीबीच्या आसपास हार्ड डिस्क. त्यावर त्याने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकला होता. कारण साधं होतं, फुकट आणि कायदेशीर. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केलं आणि जगभरातल्या लोकांनी वाढवलं, एवढंच मला माहीत होतं. मुलगा जाताना म्हणाला, “बाबा, बिघडलं तर घाबरू नका. ते बोलतं, तुम्ही ऐका.”

पहिलं गाऱ्हाणं मोडेमचं. पीसीत जो मोडेम होता तो लिनक्सला दिसतच नव्हता. नंतर कळलं की तो निम्माच मोडेम होता. खरं काम पीसीच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचा आणि त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी. मग जेल रोडवरून एक जुना मोडेम आणला, पूर्ण स्वतःच्या अकलेवर चालणारा, पट्टीवर छोटे जम्पर असलेला. तो दिसला, डायलही करू लागला. पण नंबर फिरवायला लागला की माउस थिजायचा! फोन ठेवला की माउस पुन्हा जिवंत.

रात्री मुलाला एसटीडी लावला. “माउस खराब झालाय रे,” मी म्हणालो. तो म्हणाला, “बाबा, हा तुमचा निष्कर्ष झाला. दिसतंय काय ते सांगा.” अहो, हेच वाक्य मी पंचवीस वर्षं नव्या क्लार्कांना ऐकवत होतो! जरा लाजच वाटली.

मग त्याने सांगितलेली एक फाइल उघडली. प्रोसेसरला हाक मारायच्या ओळींना इंटरप्ट म्हणतात, आणि कोणती ओळ कुणाकडे आहे याची ती यादी होती. म्हणजे साहेबाच्या केबिनमधल्या घंटीसारखं. माझा माउस होता पहिल्या सीरियल पोर्टवर, मोडेम तिसऱ्यावर, आणि पीसीच्या जुन्या रचनेत पहिला आणि तिसरा पोर्ट दोघांचीही ओळ एकच, चार नंबरची. दुसऱ्या-चौथ्याची तीन नंबरची. एका घंटीवर दोन शिपाई बसवले तर गोंधळ होणारच. यादीत पाच नंबर रिकामा दिसला. जम्पर तिथे सरकवला, लिनक्सला एका आज्ञेने तसं कळवलं, आणि माउस शहाण्यासारखा चालू लागला. ना माउस खराब होता, ना मोडेम. मी नवा माउस घ्यायला निघालोच होतो.

दुसरा प्रसंग जास्त घाबरवणारा. एके सकाळी पीसी लावला तर काळ्या पडद्यावर फक्त दोन अक्षरं, “एल आय”, आणि पुढे काहीच नाही. लिनक्स सुरू करून देणारा जो छोटा प्रोग्रॅम, लिलो, त्याच्या नावाची ही अक्षरं. गंमत अशी की तो एकेक टप्पा पार झाला की एकेक अक्षर उमटवतो. चारही आली तर सगळं ठीक. दोनवर अडकला म्हणजे पहिला टप्पा झाला, दुसरा भाग डिस्कवरून उचललाही, पण चालवता आला नाही. आणि याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कची मापं बायोस एक समजतोय आणि लिलो दुसरी. मला तर नवाने भाग जाणारा फरकच आठवला! अडलेलं यंत्र कुठे अडलंय ते सांगत होतं.

ओळखीचा दुकानदार म्हणाला होता, “अंकलजी, डिस्क गई, फॉरमॅट मार देते हैं.” मी म्हटलं, थांब भिया. बायोस उघडून पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. म्हणजे यंत्राची आठवणच पुसली गेली होती. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, त्यामुळे डिस्क कशी वाचायची ते सेटिंगही बदललं होतं. नवा सेल घातला, सेटिंग एलबीएवर आणलं, आणि चारही अक्षरं उमटली. फॉरमॅट मारला असता तर सगळं गेलं असतं, आणि सेल तसाच राहिल्यामुळे दुखणंही परत आलं असतं.

तिसरा प्रसंग आपल्या मंडळाशी संबंधित आहे. त्या वर्षांत मध्य प्रदेशात लाईटीचे काय हाल होते ते इंदूरकरांना सांगायला नको. गणपतीची वर्गणी, चारशेच्या वर नावं, पत्ते, मागच्या दोन वर्षांच्या रकमा, असं सगळं मी रोमन लिपीत टाइप करून ठेवलं होतं. एका संध्याकाळी काम चालू असतानाच लाईट गेली. यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर पीसी अर्ध्यात थांबला आणि मेसेज आला, त्यात एक शब्द होता “इनकन्सिस्टन्सी”. हिशेबात विसंगती आहे, तपासणी हाताने करा, असं यंत्र म्हणत होतं. बँकेच्या माणसाला यापेक्षा ओळखीची भाषा कोणती?

तपासणी सुरू केली तर ते एकेक प्रश्न विचारू लागलं. ही नोंद सापडली, पण कोणत्या खात्याची ते कळत नाही, काय करू? संपल्यावर पाहतो तर यादीची फाइल जागेवर नाही. खरं सांगतो, पोटात गोळा आला. मूळ कागद मी रद्दीत घातले होते. ही चूक माझीच.

पण लिनक्समध्ये “लॉस्ट+फाउंड” नावाचा एक कप्पा असतो. ज्या फायलींचं नाव-गाव हरवलंय त्या तपासणीनंतर तिथे येऊन पडतात, नावाऐवजी नुसता नंबर घेऊन. अहो, हे तर आपलं सस्पेन्स खातं! कुणाचे ते कळत नाही म्हणून पैसे फेकून देत नाहीत, सस्पेन्सला ठेवतात आणि शोध लागला की वळते करतात. त्या नंबरी फायलींमध्ये मी आमच्या गल्लीतलं एक आडनाव शोधायला लावलं, आणि तिसऱ्या मिनिटाला यादी सापडली. शेवटची दहा-बारा नावं गेली होती, ती घरोघर जाऊन परत लिहून आणली. त्याच आठवड्यात यूपीएस घेतला आणि यादीची छापील प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली.

हे सगळं मी एका शंभर पानी वहीत लिहीत गेलो. तारीख, पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे, मी काय बदललं, काय झालं. ती वही अजून आहे. तो पीसी भंगारात जाऊन जमाना झाला.

आता तुम्ही म्हणाल, काका, आम्हाला कशाला हे लिनक्स-फिनक्स? मुलगाही हेच म्हणतो. “बाबा, तेव्हा तुमच्याकडे वेळ होता. आज लोकांना फोन चालायला हवा, आतलं कळायला नको.” त्याचं बरोबर आहे. प्रत्येकाने जम्पर सरकवत बसावं असं मी म्हणत नाही, आणि तो काळ सुखाचा होता असंही नाही. एका मोडेमपायी माझे पंधरा दिवस गेले होते.

पण एक गोष्ट खटकते. ते जुनं मशीन दोनच अक्षरं दाखवायचं, पण खरी दाखवायचं. आजचं ॲप गोड आवाजात सांगतं, “समथिंग वेंट रॉन्ग”. काहीतरी चुकलं! व्हाउचरवर “काहीतरी” असं लिहून आणलं असतं तर आमच्या पासिंग ऑफिसरने ते तोंडावर फेकलं असतं. ग्राहकाला नेमकं काय अडलंय ते, आणि शक्य तर त्याच्या भाषेत, सांगायलाच हवं. बँकांनीही. माझी स्वतःची बँक त्यातून सुटत नाही. यंत्र “काहीतरी” म्हणतं, आपण “काहीतरी आलं होतं” म्हणतो, आणि या दोन काहीतरींच्या मधल्या जागेत ठग शिरतो. त्याला माहीत आहे, हे लोक वाचणार नाहीत, घाबरून बटण दाबतील.

म्हणून आपल्या वयाच्या सगळ्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. एक, पडद्यावर जे आलंय ते मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवा. इंग्रजी कळलं नाही तरी अक्षरं उतरवता येतात. तेवढ्या दोन मिनिटांत घबराट निम्मी होते. दोन, एका वेळी एकच गोष्ट करा. चार बटणं एकदम दाबली तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तीन, मुलाला-नातवाला फोन करताना “बिघडलंय” म्हणू नका, “असं असं लिहून आलंय” म्हणा. तोही चिडणार नाही, बघा. आणि समोरचा अनोळखी माणूस घाई करत असेल तर फोन ठेवा. बॅलन्सिंग कधी घाईत जुळलंय का?

आपण रात्री दहापर्यंत एका रुपयासाठी बसणारी माणसं. आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही.

त्या वहिनी रविवारी घरी आल्या होत्या, नवी वही घेऊन. पहिल्या पानावर त्यांनी मोबाइलवरचा मेसेज जसाच्या तसा उतरवला होता, स्पेलिंगसकट. मग आम्ही दोघांनी तो वाचला. त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

इंदूरमधल्या कुणाला असं बसून वाचायचं असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असतो. चहा आमच्याकडे, वही तुमची. आणि जुन्या कॉम्प्युटरशी झटापट केलेले कुणी असाल, बडोद्याचे, ग्वाल्हेरचे, बेळगावचे, तर खाली जरूर लिहा. तुमच्या पडद्यावर नेमकी कोणती अक्षरं आली होती?