सोलरला थंडी बाधते का?

बालमित्रांनो,

आज आधी माझी एक चूक सांगते, मग बाकीचं. चौथीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : ‘सौरऊर्जेवर वीज कोणत्या प्रदेशात तयार करता येते?’ सगळ्यांनी लिहिलं, ‘उष्ण प्रदेशात’. एकानं मात्र लिहिलं, ‘थंड प्रदेशातसुद्धा’. मी लाल पेनानं फुली मारली. म्हटलं, बर्फात कसली आलीय सौरऊर्जा!

मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन टेबलापाशी आला. हळूच म्हणाला, “बाई, माझा मामा फौजेत आहे, लडाखला. तिथं बर्फ पडतो, तरी सोलर चालतो.” मी “बघते हं” म्हणून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर काही चैन पडेना. रात्री पुस्तकं काढून बसले, आणि लक्षात आलं, की फुलीच चुकली होती.

आपली गल्लत कुठं होते, सांगू? सोलर म्हणजे ऊन आणि ऊन म्हणजे उकाडा, असं आपण धरून चालतो. पण वीज तयार करणाऱ्या पॅनेलला हवा असतो सूर्याचा उजेड, उष्णता नव्हे. उलट उष्णतेचा त्याला त्रासच होतो. पॅनेल तापलं, की त्याचं व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, उतरतो.

चला, गणित करू या. १०० वॅटचं पॅनेल म्हणजे २५ अंश सेल्सिअसला भरपूर उन्हात १०० वॅट वीज देणारं. त्यापुढे ते जितके अंश तापेल, तितक्या अंशांना प्रत्येकी साधारण ०.४ वॅट कमी होते. मे महिन्यात आपल्या गच्चीवर ते ६५ अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणजे ४० अंश जास्त. ४० × ०.४ = १६. उरले ८४ वॅट! आता तेवढंच ऊन पडलंय, पण गाव बर्फाचं आहे आणि पॅनेल शून्य अंशावर आहे. २५ × ०.४ = १०. मिळाले ११० वॅट! शिवाय ताजा बर्फ शंभरातला ऐंशी भाग किंवा त्याहून जास्त उजेड परत फेकतो. त्यातला थोडा पॅनेलवर पडतो, तो फायदा वेगळाच.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात सांगितलं. तर तोच मुलगा म्हणाला, “बाई, सूर्य सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. मग पॅनेल त्याच्याबरोबर वळवलं तर?”

मग आम्ही अंगणात एक प्रयोग केला. तुम्हीही करा. पुठ्ठ्याच्या मधोमध कणकेचा छोटा गोळा लावून त्यात पेन्सिलीचा तुकडा सरळ उभा करा. पुठ्ठा उन्हात धरून असा तिरपा करा, की पेन्सिलीची सावली नाहीशी होईल. झाला तुमचा पुठ्ठा सूर्याच्या अगदी समोर! आता तो विटांच्या आधारानं तसाच ठेवा. तासाभरानं पाहा, सावली पुन्हा उगवलेली असेल. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते ना! सूर्य समोरून ६० अंश बाजूला सरकला, की तेवढ्याच पुठ्ठ्यावर थेट ऊन निम्मंच पडतं.

म्हणूनच काही ठिकाणी पॅनेल मोटरवर बसवतात. दिवसभर ते सूर्याकडे मान वळवत राहतं. या यंत्राला ट्रॅकर म्हणतात. पूर्व-पश्चिम फिरणारा आणि वर-खालीही होणारा चांगला ट्रॅकर असेल, तर एका जागी बसवलेल्या पॅनेलपेक्षा साधारण ३० ते ४० टक्के जास्त वीज मिळू शकते.

मग थंड देशात सगळीकडे ट्रॅकरच लावावेत का? थांबा. आपण अलास्कातल्या फेअरबँक्स गावी जाऊ. तिथं हिवाळ्यात पारा कधीकधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. गंमत म्हणजे जूनमध्ये तिथं भर दुपारी सूर्य जेवढा वर असतो, जवळजवळ तेवढाच आपल्या पुण्यात डिसेंबरच्या दुपारी असतो. पण जूनमध्ये तिथला दिवस जवळजवळ २२ तासांचा! सूर्य उत्तरेच्या बाजूला उगवतो, आकाशात जवळपास पूर्ण फेरी मारतो आणि पुन्हा उत्तरेकडेच मावळतो. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या पॅनेलच्या तो कितीतरी वेळ पाठीमागेच असतो. तिथं ट्रॅकरची खरी चंगळ!

डिसेंबरमध्ये मात्र दिवस पावणेचार तासांचा, आणि सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दोन अंश वर. थोडासाच सरकतो आणि मावळतो. तिथं मान वळवून वळवून किती वळवणार? ढगाळ दिवशी तर उजेड सगळ्याच बाजूंनी झिरपत येतो, मग वळण्याचा उपयोग नाही. त्यात कडाक्याच्या थंडीत यंत्रातलं ग्रीस घट्ट होतं आणि सांध्यांत बर्फ अडकतो. शिवाय पॅनेल आता पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाली आहेत. म्हणून थंड देशांत पुष्कळ लोक मोटर लावण्याऐवजी दोन पॅनेल जास्त घेतात आणि ती चांगली उभी बसवतात. बर्फ आपोआप घसरून पडतो!

म्हणजे थंडी पॅनेलला बाधत नाही. हिवाळ्यात तिथं वीज कमी मिळते, ती दिवस छोटा आणि सूर्य खाली असतो म्हणून.

त्या मुलाच्या पेपरावरची फुली मी सगळ्यांसमोर खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘बरोबर. बाई चुकल्या.’ त्यानं लगेच बोटांवर बेरीज केली आणि म्हणाला, “आता अठराचे एकोणीस झाले.” पालकहो, तेव्हापासून वेगळं उत्तर दिसलं, की मी आधी विचारते, “तुला हे कसं कळलं रे?” फुली काय, नंतरही मारता येते.

पुठ्ठ्याचा प्रयोग नक्की करा, सूर्याकडे थेट मात्र पाहू नका हं! दर तासाला सावलीची लांबी वहीत मांडा आणि मला पत्रानं कळवा.

तुमची,
बाई