व्याह्याचें घोडें

परदेशांतील माणसांच्या हक्कांचें गाऱ्हाणें घेऊन विद्यार्थ्यांनीं कायदेमंडळाच्या सभासदांना जाऊन भेटावें, अशी सूचना मुरुमसारख्या गांवीं कोणीं केली, तर शहाणीं माणसें तिची वासलात एका म्हणींत लावतील : घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें! अमेरिकेंतील विद्यार्थी तिबेटचा प्रश्न घेऊन वॉशिंग्टनला सीनेटरांच्या दारीं जातात, तें त्यांना शोभतें. ज्या उमरगा तालुक्यांत अवर्षणाच्या सालीं पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या पोरानें ल्हासाच्या नांवानें अश्रू ढाळण्यासाठीं दिल्लीची गाडी कां पकडावी, असा त्यांचा सवाल. हा आक्षेप दिसावयास मोठा व्यवहारी दिसतो. आमच्या मतें तो निव्वळ कृतघ्नपणाचा आहे.

कृतघ्नपणा हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या व औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनीं संप पुकारला, आणि शेंकडों मुलांना निजामी राज्यांतील शिक्षणाचीं दारें बंद झालीं. त्यांना घेतलें कोणीं? नागपूर विद्यापीठानें. हैदराबाद संस्थान तेव्हां नागपूरच्या दृष्टीनें परमुलूखच होतें. मुलें दुसऱ्या राज्याची प्रजा, भांडण दुसऱ्या राजाशीं, वर शिस्तभंगाचा ठपका माथीं बसलेला. 'हा निजामाचा अंतर्गत प्रश्न आहे, आमचीं मुलें आम्हांला थोडीं आहेत काय?' असें म्हणून विद्यापीठाच्या चालकांना हात झटकतां आले असते. त्यांनीं ते झटकले नाहींत. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच लाटेंत बाहेर पडलेले विद्यार्थी. कायद्याची पदवी त्यांनीं नागपूरलाच घेतली. १९४७-४८ मध्यें मराठवाड्यांतील कार्यकर्त्यांना सोलापुरानें जो आसरा दिला, तोहि याच जातीचा. व्याह्यानें धाडलेलें तें घोडें म्हणजे आम्हीच होतों, आणि नागपूर-सोलापूरच्या लोकांनीं त्याला चंदी घातली!

दुसरी सबब 'आधीं घरचें पाहा' ही. कबूल. पण हें सांगणारे घरचें तरी पाहतात काय? रझाकारांच्या अत्याचारांचा पाढा आमच्याकडे दर १७ सप्टेंबरला वाचला जातो, आणि तो वाचलाच पाहिजे. पण त्यापुढील पानाशीं आल्यावर वाचणाराचा घसा बसतो. १९४८ च्या पोलिस कारवाईच्या वेळीं व नंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची पाहणी करण्यास भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली होती. मृतांविषयीं तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. आणि सर्वांत अधिक झळ पोंचलेले म्हणून तिनें जे चार जिल्हे सांगितले, त्यांत आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आहे. तो अहवाल कित्येक दशकें दप्तरांत पडून राहिला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें निजामानें सुरक्षा परिषदेकडे धांव घेतली होती, आणि हैदराबाद हा आमचा घरचा प्रश्न आहे, असें भारतानें तेथें सांगितलें. भारताची ती भूमिका आम्हांला मान्य आहे. निजाम सार्वभौम नव्हता. परंतु 'घरचा प्रश्न' या शब्दांचा एक गुण असा कीं, राज्याच्या हद्दीबरोबर प्रेतेंहि त्यांखालीं झांकलीं जातात. ज्या विद्यार्थ्याला हें ठाऊक नाहीं, त्यानें दिल्लीस जाऊन चीनला दोष देऊं नये. ज्याला ठाऊक आहे, त्यानें अवश्य जावें. त्याच्या शब्दाला वजन येईल.

अर्थात् जाणें म्हणजे दिल्लीदर्शन नव्हे. इंडिया गेटपुढें फोटो, खासदाराच्या हातीं पुष्पगुच्छ, चार ओळींचें निवेदन आणि परत आल्यावर प्रमाणपत्र, असल्या वाऱ्यांना आमचा पाठिंबा नाहीं. मागणी नेमकी पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार घ्या. भारतानें त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं सही केली. अनुसमर्थन अद्याप नाहीं. त्यासाठीं लागणारें विधेयक लोकसभेनें २०१० सालीं संमत केलें, राज्यसभेनें तें प्रवर समितीकडे सोंपविलें, आणि २०१४ सालीं लोकसभा विसर्जित होतांच तें बाद झालें. आतां हा प्रश्न परदेशचा कीं घरचा? करार साऱ्या जगाचा, पण त्याची गरज आहे ती कोणत्याहि तालुक्याच्या कोठडींत बसलेल्या, वकील न परवडणाऱ्या माणसाला. शहाण्या मंडळींचें घोडें येथें आपल्याच दावणीचें निघतें.

आणि त्यासाठीं पहिला फेरा दिल्लीचा नव्हेच. उस्मानाबाद मतदारसंघाचे खासदार उमरग्यास येतात, तेव्हां त्यांना गांठावें. लोकसभेंत प्रश्न विचारण्यास निदान पूर्ण १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधीं प्रश्नाचा मसुदा सुवाच्य अक्षरांत लिहून त्यांच्या हातीं द्यावा : सही केलीत, अनुसमर्थन कधीं करणार? प्रश्न विचारला गेला नाहीं, तर मग सोलापूरहून गाडी पकडावी, आणि तो कां विचारला नाहीं, हें त्यांच्या दिल्लीच्या बंगल्यावर जाऊन विचारावें. भाड्याची वर्गणी मुरुमच्या बाजारपेठेंत मागावी. वरील म्हण ऐकविणारांच्या दुकानांपासून आरंभ करण्यास आमची हरकत नाहीं.