पाणवठा सार्वजनिक, पण घागर मोबाइलचीच!

जुलै २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हा देशातील पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला आणि पुढच्याच महिन्यात राज्यांमध्ये हा पहिला मान आपल्या गोव्याला मिळाला. तापीकाठचे ते शहर आणि समुद्रकाठचा हा प्रदेश यांच्यात त्या निमित्ताने एक नाते जुळले. बऱ्हाणपूरला हा मान मिळावा यात नवल नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरापर्यंत आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना तेथे १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, आकाराला आली. शंभराहून अधिक कुंड्यांची ती रांग आजही पाहणाऱ्याला थक्क करते. सार्वजनिक सोय कशी असावी, याचा धडा त्या शहराला नव्याने शिकवावा लागू नये.

परंतु याच शहरातील इतवारा, शनवारा, बुधवारा अशा वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांत एका नव्या सार्वजनिक सोयीचा शोध घेऊ पाहणाऱ्या मुलाची गत काय होईल, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. ही सोय म्हणजे सार्वजनिक वायफाय. समजा, बुधवाऱ्यातील एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती नातेवाइकाने दिलेले एक खेळयंत्र आहे. निन्टेन्डोचे स्विच म्हणा किंवा त्या जातीचे दुसरे एखादे. घरात जोडणी नाही आणि घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर यंत्रमागावर किंवा दुकानी गेलेला आहे. यंत्राच्या पडद्यावर आसपासच्या जोडण्यांची नावे उमटतात. त्यांतल्या बहुतेक खासगी आणि कुलूपबंद. एखादी उघडी सापडलीच, तर लॉगिनचे पान येते आणि मोबाइल क्रमांक मागते. स्विचसारखे यंत्र ते पान उघडून दाखवते खरे, पण त्यावर मागितलेला ओटीपी यंत्रावर येणार कसा? त्यात सिमकार्डच नसते. पाणवठा सार्वजनिक, पण घागर मात्र अमुकच प्रकारची हवी, असा हा न्याय आहे.

हा नियम कोणाच्या लहरीतून आलेला नाही, हे आम्ही जाणतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायचा गैरवापर करून धाडण्यात आला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक ठिकाणी जोडणी वापरणाऱ्याची ओळख पटवणे बंधनकारक केले. त्यासाठी दोन मार्ग सांगण्यात आले. एक, छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवणे, आणि दुसरा, मोबाइलवर संदेशाने परवलीचा शब्द पाठवणे. दुसरा मार्ग सोपा म्हणून तोच सर्वत्र रूढ झाला आणि पहिला कागदावर राहिला. सुरक्षिततेची गरज आम्हाला पूर्णतः मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो सोयीच्या मार्गालाच एकमेव मार्ग ठरवणाऱ्या आळसाला.

रेल्वेचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेलटेल आणि गूगल यांनी स्थानकांवर मोफत वायफाय देण्यास प्रारंभ केला आणि जून २०१८ पर्यंत चारशे स्थानके जोडली. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, असे सांगून गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतले. रेलटेलने काम चालू ठेवले आणि ही सेवा हजारो स्थानकांवर नेली, याबद्दल ती संस्था अभिनंदनास पात्र आहे. तथापि, २०२१ मध्ये सशुल्क योजना आल्या तेव्हा ठरलेले मोफतचे माप पाहावे: दिवसाला अर्धा तास, तेही सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने. अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी हाती लागणार. पाच जीबीचा एखादा खेळ उतरवायचा, तर बावीस-तेवीस दिवस फेऱ्या घालाव्या लागतील. शिवाय बऱ्हाणपूरचे स्थानक जुन्या पेठांत नाही, ते शहराबाहेर लालबागला आहे. आणि तेथे पोहोचल्यावरही ओटीपीचा पहारा चुकत नाही तो नाहीच.

'पीएम-वाणी' या योजनेकडून आमच्या अपेक्षा मोठ्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. चहाच्या टपरीवाल्याने, किराणा दुकानदाराने परवान्याविना आणि नोंदणी शुल्काविना वायफाय विकावे, ही तिच्यामागची कल्पना खरोखर लोकाभिमुख आहे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने तर २०२२ पर्यंत एक कोटी ठिकाणांचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्षात २०२५ च्या मध्यापर्यंत 'वाणी'ची ठिकाणे काही लाखांपलीकडे गेली नव्हती. दुकानदाराला महागडी व्यापारी जोडणी घ्यावी लागते ही एक अडचण होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये तिच्या दरांना घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घालून ती काहीशी दूर केली, हे योग्यच झाले. पण दुसरी अडचण शिल्लक आहे. जवळचे ठिकाण शोधायचे आणि त्यात प्रवेश मिळवायचा तो मुख्यत्वे मोबाइलमधील ॲपच्या साहाय्याने. ज्याच्या हाती मोबाइल नाही, त्याला ठिकाण समोर असूनही दिसत नाही.

यावर काही वाचक म्हणतील की, पोरांच्या खेळण्यासाठी अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण काय? खेळयंत्र हा केवळ दाखला आहे. वही-पेनाऐवजी टॅबलेट घेऊन अभ्यास करणारी विद्यार्थिनी, जुना लॅपटॉप घेऊन अर्ज भरू पाहणारा बेरोजगार तरुण आणि परदेशी क्रमांक घेऊन चार दिवस घरी आलेला आपला माणूस, ही सारी त्याच दारात अडतात. आणि खेळ म्हणजे दुर्गुणच, ही समजूतही सरकारने मागे टाकली आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण ई-क्रीडेला मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांतला भेद कायद्याने ओळखला असेल, तर तो पालकांनी आणि प्रशासनानेही ओळखायला हवा.

अन्यत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला, तेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये निन्टेन्डोने आपल्या डीएस या यंत्रासाठी जोडणीसेवा सुरू केली, तेव्हा त्या यंत्रात लॉगिनचे पान उघडण्याची सोयच नव्हती. म्हणून कंपनीने अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांशी करार केला आणि तेथील वायफाय डीएसला परस्पर ओळखून मोफत आत घेऊ लागले. ती सेवा मे २०१४ मध्ये बंद पडली. शिवाय मूळ डीएसला आजच्या जोडण्यांची कुलपेही उघडता येत नाहीत, तेव्हा जुन्या बाजारातून ते यंत्र घेणाऱ्याने वायफाय शोधत हिंडू नये. पण यंत्राची मर्यादा ओळखून दार रुंद करता येते, एवढे त्यातून निश्चित सिद्ध झाले.

आमच्या मागण्या माफक आहेत. पालकाने आपल्या मोबाइलवरून एकदा नोंदणी करावी आणि त्याच्या जबाबदारीवर मुलाचे यंत्र पुढे दरवेळी ओटीपीविना ओळखले जावे, अशी तरतूद दूरसंचार विभागाने करावी. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याला ओळखपत्र दाखवून ठरावीक मुदतीची चिठ्ठी मिळावी. २००९ मधील पहिला मार्ग तोच होता. प्रत्येक ठिकाणी जोडणीचे नाव, वेळ, दर आणि प्रवेशाची रीत सांगणारा फलक स्थानिक भाषेत लावावा. पाणपोईला पाटी लागते, मग वायफायला का नको? आणि नगरपालिकांनी ग्रंथालयांत व बसस्थानकांवर ही सोय निश्चित वेळी उपलब्ध ठेवावी. जेथे मोठ्या माणसांची नजर असते, तेथे मुलांनी जोडणी वापरणे केव्हाही अधिक सुरक्षित.

हे सारे बऱ्हाणपूरला सांगताना आपले अंगणही झाडावयास हवे. मडगाव, म्हापसा, पणजीच्या बसस्थानकांवर आणि गावोगावच्या पंचायतींतून असे फलक लावण्यास केंद्राच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरोघरी नळ पोहोचवताना या दोन्ही ठिकाणच्या प्रशासनांनी शेवटच्या घराचा विचार केला, म्हणून पहिले प्रमाणपत्र त्यांच्या वाट्याला आले. त्याच निष्ठेने आता ज्याच्या हाती मोबाइल नाही त्याचाही विचार व्हावा, आणि त्याचा प्रारंभ गोवा सरकारने येत्या शालेय वर्षापासून आपल्या ग्रंथालयांतून करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.